फोन खुला, पण कोणत्या नेटवर्कवर?

ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडून भिवंडीकडे निघालेला जुना आग्रा रस्ता काल्हेर मागे टाकून पूर्णा गावात शिरतो, तेव्हा दोन्ही बाजूंना पत्र्याच्या छपरांची जी रांग दिसू लागते ती कोपर, वळ, दापोडे, राहनाळ अशी गावोगाव पसरत गेलेली आहे; आणि जेथे दोन पिढ्यांपूर्वी आगरी कुटुंबांची भातशेती होती तेथे आज देशविदेशांतील मालाची साठवण होते. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, तरीही मुंबईच्या दाराशी, माल ठेवण्याची सोय व्यापाऱ्यांना हवी होती आणि ती या खाडीपलीकडच्या गावांनी पुरवली. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, परंतु गोदामे राहिली, किंबहुना ऑनलाइन विक्रीच्या व्यवहाराने त्यांची संख्या व आकार दोन्ही वाढले. या गोदामांतून धान्य, कपडे, औषधे यांच्याबरोबर मोबाइल फोनांची खोकीही रात्रंदिवस मुंबई-ठाण्याकडे रवाना होत असतात. ती खोकी उचलणारे हमाल, ती मोजून घेणारे सुपरवायझर आणि ती वाहून नेणारे टेम्पोचालक स्वतःचा फोन मात्र पुष्कळदा नाक्यावरच्या लहानशा दुकानातून, वापरलेला किंवा हप्त्याने, घेतात. आणि घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारतात, की फोन अनलॉक आहे ना?

माझे म्हणणे असे आहे, की हा प्रश्न रास्त असला तरी अपुरा आहे, आणि त्याचे पूर्ण उत्तर मिळण्याची व्यवस्था आपल्या देशात अद्याप झालेली नाही. फोनाला कुलूप नसणे ही एक गोष्ट. तो आपण वापरतो त्या कंपनीच्या नेटवर्कवर, आपण राहतो व राबतो त्या ठिकाणी, नीट चालणे ही सर्वस्वी दुसरी गोष्ट. पहिलीची हमी दुकानदार तोंडी देतो. दुसरीची हमी कोणीच देत नाही, आणि ती मागण्यासाठी ज्या माहितीची गरज आहे ती खोक्यावर छापण्याची सक्तीही नाही.

भारतात मोबाइलचा पहिला अधिकृत संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी केला, तेव्हापासून आपल्याकडे जी जीएसएम पद्धत रूढ झाली तिचा एक मोठा गुण असा, की ग्राहकाची ओळख फोनात नसून सिमकार्डात असते, आणि म्हणून सिम काढून दुसऱ्या फोनात घातले की क्रमांक आपल्याबरोबर चालू लागतो. या सोयीला पहिला मोठा छेद गेला तो सीडीएमए पद्धतीने. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने सेवा सुरू केली आणि २००३ च्या पावसाळ्यात अवघे ५०१ रुपये प्रारंभी भरून फोन हाती देणारी योजना काढली, तेव्हा भिवंडीच्या यंत्रमागांवरील कामगारापासून भाजीवाल्यापर्यंत ज्यांना मोबाइल ही श्रीमंतांची वस्तू वाटत होती त्यांच्या खिशात प्रथमच फोन आला. हे त्या योजनेचे श्रेय आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या फोनांत सिम नव्हते. फोन आणि कंपनी यांचे नाते अविभाज्य होते. कंपनी बदलावी असे वाटले तर क्रमांक आणि फोन दोन्ही टाकून द्यावे लागत. पुढे रिलायन्स कम्युनिकेशन्स झालेल्या याच कंपनीची मोबाइल सेवा डिसेंबर २०१७ मध्ये जवळजवळ बंदच पडली, त्याच्या थोडे आधी सीडीएमएही मालवले गेले होते, आणि असे असंख्य फोन कोणतीही मोडतोड न होता निकामी झाले.

दुसरे उदाहरण वरच्या वर्गातील. २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोनची पहिली अधिकृत विक्री भारतात एअरटेल आणि व्होडाफोन यांच्यामार्फत सुरू झाली. अमेरिकेत तोच फोन दोन वर्षांच्या कराराच्या मोबदल्यात १९९ डॉलरला मिळत होता, आणि इतकी सूट देणाऱ्या कंपनीने आपली रक्कम वसूल होईपर्यंत फोन आपल्याच नेटवर्काशी बांधून ठेवला तर त्यात निदान हिशेबाचा न्याय होता. आपल्याकडे मात्र ग्राहकाने त्याचे ३१ हजार रुपये पूर्ण मोजले, आणि तरीही फोन विकणाऱ्या कंपनीच्याच सिमशी बांधलेला राहिला. पूर्ण किंमत घेऊन वस्तूवरील ताबा आपल्याकडे ठेवण्याची ही रीत मला त्या वेळी अन्याय्य वाटली आणि आजही वाटते. भारतीय ग्राहकाने तिला फारशी दाद दिली नाही, म्हणून ती रुजली नाही. तथापि २०१७ साली १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर निघालेला जिओफोन आणि नंतरचा ९९९ रुपयांचा जिओ भारत हे स्वस्त फोन पुन्हा एकाच कंपनीच्या सिमशी बांधलेले आले, आणि ते घेणारा वर्ग नेमका तो, ज्याला कंपनी बदलून महिन्याचे पन्नास रुपये वाचले तरी ते मोलाचे असतात.

या दोन टोकांच्या मध्ये, २० जानेवारी २०११ रोजी, क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर लागू झाली. १९०० या क्रमांकावर एक संदेश पाठवावा, आलेला संकेतांक नव्या कंपनीला द्यावा, आणि काही दिवसांत पोर्टिंग पूर्ण व्हावे, इतकी ही सोपी व्यवस्था आहे, आणि गेल्या पंधरा वर्षांत ग्राहकाच्या हातात पडलेला हा सर्वांत मोठा अधिकार आहे असे मी मानतो. पण ज्या फोनातून तो क्रमांक बोलायचा, तो नव्या नेटवर्कावर बोलू शकतो की नाही याची चौकशी या सबंध प्रक्रियेत कोठेही होत नाही. ज्याचे बोलणे थांबते, त्याला कळते.

गेल्या पावसाळ्यात अंजूर फाट्याच्या अलीकडच्या एका दुकानात असाच एक प्रसंग समोर घडला. गोदामात काम करणारा, अंगावर अजून कंपनीचे जाकीट असलेला एक तरुण परदेशातून आलेला, दिसायला अगदी नवा, वापरलेला फोन पाहत होता. “शेठ, अनलॉक आहे ना?” “हो रे, कुठलंही सिम टाक, चालतं.” त्याने आपले जिओचे सिम घातले, रेंजच्या काड्या वर चढल्या, ४जी उमटले, एक व्हिडिओ क्षणात सुरू झाला, आणि तो पैसे काढणार इतक्यात बरोबरच्या मित्राने सहज म्हटले, की एक कॉल तर लावून बघ. कॉल लागला नाही. पुन्हा लावला, लागला नाही. बाहेरून त्याच्या क्रमांकावर फोन केला, तर तोही पोचला नाही. दुकानदार खोटे बोलत नव्हता: फोनाला खरोखरच कुलूप नव्हते, आणि सिमही खरोखर चालत होते.

दोष कोठे होता ते सांगणे आवश्यक आहे, कारण पुष्कळांची फसगत येथेच होते. जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली ती केवळ ४जीवर. तिच्यापाशी २जी किंवा ३जीचे जुने जाळे मुळीच नव्हते व नाही. एअरटेल किंवा व्हीआयचे, म्हणजे व्होडाफोन-आयडियाचे, सिम असेल आणि फोनाला ४जीवरून आवाज वाहून नेण्याची, म्हणजे व्होल्टीची, विद्या अवगत नसेल, तर कॉल लावताक्षणी फोन निमूटपणे २जीवर उतरतो आणि बोलणे होऊन जाते; जिओच्या सिमला उतरायला खाली जमीनच नाही. आता व्होल्टी ही केवळ यंत्राची शक्ती नव्हे. कोणत्या कंपनीच्या जाळ्याशी आवाजाचा व्यवहार कोणत्या रीतीने करावयाचा याचा तपशील फोनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोन बनवणाऱ्याने भरून ठेवलेला असावा लागतो. आणि जे मॉडेल भारतासाठी बनलेच नाही त्यात भारतीय कंपन्यांचा हा तपशील पुष्कळदा नसतो. म्हणून असा फोन इंटरनेट उत्तम चालवतो आणि बोलू शकत नाही.

याहूनही मूलभूत प्रश्न बँडचा आहे. रेडिओलहरींचे जे निरनिराळे पट्टे सरकार लिलावाने कंपन्यांना देते, त्यांतील कोणते ऐकण्याची क्षमता फोनाच्या अंगी आहे हे तो कारखान्यातून निघतानाच ठरलेले असते व नंतर कोणत्याही उपायाने बदलत नाही. जिओचे ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्‌झवर चालते. एअरटेल व व्हीआय ९००, १८०० आणि २१०० वापरतात व त्यांत वरच्या पट्ट्यांची भर घालतात. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ज्याचे राष्ट्रव्यापी उद्घाटन झाले ते बीएसएनएलचे स्वदेशी ४जी प्रामुख्याने ७०० आणि २१०० वर आहे. आता अमेरिकेतील एखाद्या कंपनीसाठी काढलेल्या काही स्वस्त मॉडेलांत तेथील पट्टे भरपूर असतात आणि आपल्याकडचा २३०० नसतो, क्वचित १८०० सुद्धा नसतो. आणि आपल्याकडेच विकल्या गेलेल्या काही जुन्या ४जी फोनांना ७०० चा पट्टा ठाऊक नाही, त्यामुळे स्वस्त रिचार्जच्या आशेने बीएसएनएलकडे पोर्ट केलेला ग्राहक टॉवर समोर दिसत असतानाही रेंज येत नाही म्हणून टॉवरला दोष देत राहतो.

पूर्णा परिसरात तर या बँडच्या प्रश्नाला छपराची जोड मिळते. पत्र्यातून रेडिओलहरी आरपार जात नाहीत. त्या आत येतात त्या शटरमधून, झरोक्यांतून, प्रकाशासाठी बसवलेल्या प्लास्टिकच्या पन्हळी पट्ट्यांतून आणि कडांवरून वळून, आणि वळून आत शिरण्याचे हे काम कमी मेगाहर्ट्‌झच्या लांब लहरींना जितके साधते तितके वरच्या पट्ट्यांतील आखूड लहरींना साधत नाही. परिणामी कंपाउंडच्या फाटकाशी उभे राहिले की पाच काड्या, आणि मालाच्या थप्प्यांमधून आत गेले की एकही नाही, हा येथील कामगाराचा रोजचा अनुभव आहे; आणि ज्याच्या फोनात ७००, ८५० किंवा ९०० यांपैकी त्याच्या कंपनीचा खालचा पट्टा नाही त्याची अवस्था आणखी बिकट. ओटीपी आल्याशिवाय ज्याची हजेरी लागत नाही किंवा माल सुटत नाही, ज्याच्या घरचा तातडीचा निरोप फक्त याच यंत्रावर येऊ शकतो, त्याने नेटवर्क निवडताना टॉवर कोठे आहे यापेक्षा दिवसाचे दहा तास आपण कोठे उभे असतो याचा विचार केला पाहिजे. गोदामात मालकाचे वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंगने ही अडचण बरीच दूर होते, पण तीही सोय त्या मॉडेलला त्या कंपनीने दिलेली असावी लागते.

५जीच्या बाबतीत हाच घोळ नव्या नावाने चालू आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवा सुरू झाली तेव्हा ज्यांनी ५जी लिहिलेले महागडे फोन आधीच घेऊन ठेवले होते त्यांना सॉफ्टवेअरच्या अपडेटची वाट पाहावी लागली. आयफोनधारकांना ते डिसेंबरमध्ये मिळाले. जिओने २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्‌झ घेऊन स्वतंत्र, म्हणजे ४जीचा आधार न घेणारे, ५जी जाळे उभारले, तर एअरटेलने आरंभी ३३०० च्या आसपासच्या पट्ट्यात ४जीच्या आधारावरचे. एकाच खोक्यावरील ५जी या अक्षरांचा अर्थ दोन कंपन्यांच्या बाबतीत असा निरनिराळा होतो.

घरोघरी परदेशातून येणाऱ्या फोनांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. न्यू जर्सीतला भाचा सुट्टीत येताना मामासाठी आपला जुना फोन आणतो, त्यात माया असते. परंतु तो फोन तेथील कंपनीच्या हप्त्यांत घेतलेला असेल आणि हप्ते संपण्यापूर्वी, अनलॉक करून न घेता, आणला असेल तर येथे तो कोणत्याही दुकानदाराकडून रीतसर उघडत नाही. ते काम तिकडच्या कंपनीनेच करावयाचे असते. आयफोन १४ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिम घालण्याची खाचच नाही, केवळ ई-सिम आहे. आपल्या कंपन्या ई-सिम देतात हे खरे, पण फोन बिघडला की सिम काढून दुसऱ्या फोनात घालण्याची जी आपली सवय, ती तेथे उपयोगी पडत नाही. आखातातून येणाऱ्या काही सॅमसंग फोनांना, विशेषतः २०१३ नंतरच्या, प्रथम त्या प्रदेशातील सिमवरून थोडा वेळ कॉल केल्याशिवाय इतरत्रचे सिम चालत नसे, म्हणून सीलबंद खोका घेऊन येणाऱ्यापेक्षा तिकडेच फोडून, बोलून मग आणणारा शहाणा ठरे. एवढे खरे, की जगातील काही सरकारांनी या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे: कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून विकला जाणारा प्रत्येक फोन खुलाच असला पाहिजे आणि जुना विनामूल्य खुला करून दिला पाहिजे असा नियम आहे, आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकण्यास मनाई आहे.

वापरलेला फोन घेणाऱ्याने आणखी एक खातरजमा केलीच पाहिजे, ती त्याच्या आयएमईआयची, म्हणजे यंत्राच्या ओळखक्रमांकाची. *#०६# दाबताच पंधरा अंकी क्रमांक पडद्यावर येतो. तो खोक्यावरील व बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि मग केवायएम ही इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवावा, की त्या क्रमांकाचा फोन कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा आणि वापरास योग्य आहे की काळ्या यादीत आहे हे कळते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर, २००९ च्या अखेरीस, आयएमईआय नसलेल्या फोनांची सेवा सरकारने तोडली तेव्हा स्वस्त चिनी फोन घेतलेल्या असंख्य गरिबांना त्याची झळ बसली होती. आज व्यवस्था पुष्कळ सुधारली असून मे २०२३ पासून चोरीस गेलेला फोन संचार साथी या सरकारी पोर्टलमार्फत देशभर सर्व नेटवर्कांवर बंद करता येतो. हे उत्तम झाले. पण त्याचाच अर्थ असा, की चोरीचा फोन अजाणता विकत घेणाऱ्याच्या हातातही तो एके दिवशी अचानक बंद पडतो, आणि बिल नसेल तर दाद मागायला त्याच्यापाशी काहीच नसते. संदेश पाठवायला एक मिनिट लागते. दुकानदार तेवढे थांबू देत नसेल तर फोन तेथेच ठेवून निघावे.

अलीकडे एक नवे कुलूप आले आहे आणि ते मला जुन्या सर्व कुलपांपेक्षा अधिक चिंताजनक वाटते. हप्त्याने घेतलेल्या फोनात कर्ज देणाऱ्या संस्थेचे एक ॲप आधीच बसवलेले असते आणि हप्ता चुकला की दूर बसून फोन बंद करता येतो. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदात्यांना हा प्रकार थांबवण्यास सांगितल्याचे आणि २०२५ मध्ये काही अटींवर त्यास परवानगी देण्याचा विचार सुरू असल्याचे वृत्त आले. कर्ज बुडू नये ही कर्जदात्याची इच्छा न्याय्य आहे. परंतु तारण म्हणून दागिना ठेवून घेणे आणि माणसाचा पगार जमा झाल्याचा संदेश, त्याची कामाची पाळी, त्याच्या घरच्यांचा आवाज ज्या वस्तूतून येतो ती वस्तूच बंद करणे यांत मोठे अंतर आहे. ज्याचा फोन बंद त्याची रोजंदारीही बंद, आणि ज्याची रोजंदारी बंद तो हप्ता कोठून भरणार? परवानगी द्यायचीच असेल तर कॉल, संदेश आणि बँकेचे व्यवहार कोणत्याही परिस्थितीत चालू राहिले पाहिजेत, आणि शेवटचा हप्ता भरताच ते ॲप मागे काहीही न ठेवता निघून गेले पाहिजे, हे लेखी असावे.

आज फोनाच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना, आयातदाराचे नाव व पत्ता, तक्रारीसाठी क्रमांक इतका मजकूर कायद्याने छापावा लागतो, आणि शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींचे प्रमाणही ग्राहकाला कळवावे लागते. जानेवारी २०२३ पासून प्रत्येक फोनाचा आयएमईआय विक्रीपूर्वी सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो, म्हणजे भारतात रीतसर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मॉडेलची नोंद सरकारच्या दफ्तरी आहेच. मग त्याच नोंदीला जोडून, हे मॉडेल कोणकोणत्या बँडवर चालते, जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांपैकी कोणाच्या जाळ्यावर त्यावरून बोलता येते, वाय-फाय कॉलिंग आहे की नाही, आणि एखाद्या कंपनीच्या सिमशी बांधलेले असेल तर कोणत्या तारखेपर्यंत, एवढा मजकूर मराठीसह प्रादेशिक भाषांत खोक्यावर छापण्याचा हुकूम दूरसंचार विभागाने काढण्यास काय हरकत आहे? ‘भारतातील सर्व नेटवर्कांवर चालतो’ असे मोघम वाक्य मात्र चालू नये. १४४२२ वरून येणाऱ्या उत्तरात मॉडेलचे नाव येतेच, त्याच उत्तरात हा तपशील घातला तर खोका हरवलेला, दोन हात फिरलेला फोन घेणाऱ्यालाही तो मिळेल. आयात मालावर किंमत व पत्ता यांची लेबले चिकटवण्याचे काम गोदामांतच होत असते. तेथे लेबलावर चार ओळी वाढल्याने कोणाचा माल एक दिवसही अडून राहणार नाही. आणि तोवर, फोन घेणाऱ्याने दुकानात आपले सिम घालून एक कॉल लावावा, एक घ्यावा, कॉल चालू असताना वरच्या कोपऱ्यातील ४जीचे चिन्ह टिकते की गळून पडते ते पाहावे, आणि दुकानदार मुभा देत असेल तर तोच फोन पाच मिनिटांसाठी, आपण रोज काम करतो त्या पत्र्याखाली नेऊन पुन्हा एकदा लावून पाहावा.